पंचविशीतली कादंबरी

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली, तेव्हा लेखक पंचवीस वर्षांचा होता आणि त्याचा नायक पांडुरंग सांगवीकरही तेवढाच. या तारुण्याचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु लहान वय हे काही वाङ्मयीन मूल्य नव्हे. हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये त्यांच्या एकविशीतच प्रकाशात आली होती.

‘कोसला’चे खरे यश असे की, लेखकाने वयाला न पेलणारे शहाणपण उसने आणले नाही. खानदेशातले खेडे, पुण्यातले वसतिगृह, धाकट्या बहिणीचा मृत्यू, परीक्षेतले अपयश आणि गावी परतणे, एवढ्याच भांडवलावर, वडीलधाऱ्यांनी खोडून काढावी अशा बोलभाषेत ही कादंबरी उभी राहिली. पुढची ‘बिढार’ थेट १९७५ साली आली; यशामागोमाग पुस्तके काढण्याची घाई झाली नाही, हेही ध्यानात घ्यावे.

हैदराबादेतील आपल्या घरांतली मराठी दखनी उर्दू आणि तेलुगूच्या सहवासात घडली आहे. आपली नातवंडे ती सहज बोलतात. लिहिताना मात्र पुण्याची प्रमाणभाषा शोधू लागतात, कारण त्यांचा पहिला खर्डा आपल्याच हाती येतो आणि आपण ‘अशुद्ध’ शब्दांखाली रेघा ओढतो. शुद्धलेखन अवश्य तपासावे. शब्द मात्र त्यांचेच राहू द्यावेत. पंचविशीत लेखकापाशी स्वतःचे असे दुसरे असते तरी काय?