ले ग्विन, बाजार आणि मागणीवरून लिहिलेली जादू

लोकप्रिय साहित्याबद्दल बोलताना आपल्याकडे एक सोपी वाटणी असते. गंभीर ते साहित्य, रंजक ते बाजारू. फँटसी लिहिणारे लेखक लोकप्रिय संस्कृतीकडे कसं बघतात, हा माझ्या प्रबंधातला एक भाग आहे. तिथे ही वाटणी सगळ्यात जास्त अडखळते ती अमेरिकी लेखिका उर्सुला ले ग्विन (१९२९–२०१८) यांच्यापाशी.

२०१४ मध्ये नॅशनल बुक फाउंडेशनचं पदक घेताना त्यांनी प्रकाशकांसमोरच सांगितलं की विकायचा माल तयार करणं आणि कला करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००१ च्या ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’च्या प्रस्तावनेतही हाच राग आहे: बाजारू फँटसी धोका पत्करत नाही, नुसती नक्कल करते. हे वाचून वाटतं, बाई वाटणीच्या ‘वरच्या’ बाजूला उभ्या आहेत.

पण अर्थसीची पहिली कादंबरी लिहिली गेली ती मागणीवरून! १९६७ मध्ये पार्नासस प्रेसच्या प्रकाशकाने त्यांच्याकडे किशोरांसाठी पुस्तक मागितलं. गोष्टींतले जादूगार नेहमी म्हातारेच, मग ते तरुणपणी शिकले कुठे? या प्रश्नातून १९६८ ची ‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’ उभी राहिली. जादूची शाळा आली, हॅरी पॉटरच्या तब्बल २९ वर्षं आधी. आणि नायक गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा. गोरे लोक म्हणजे लुटायला येणारे कार्ग. हे प्रकाशकाने मागितलेलं नव्हतं.

म्हणजे मागणी असणं हा दोष नाही. वाचकाला काय हवंय हे आधीच ठरवून तेवढंच देणं, हा दोष. २००४ च्या टीव्ही मालिकेत गेड गोरा झाला, तेव्हा ले ग्विन यांनी ‘स्लेट’मध्ये जाहीर निषेध केला. तो निव्वळ लेखकाचा अहंकार नव्हता. गोष्टीने घेतलेला धोकाच काढून टाकला होता.

माझ्या मते खरी कसोटी ‘तेहानू’ (१९९०) ही आहे. आधीच्या तीन पुस्तकांत मोठी जादू पुरुषांची. बायकांची जादू दुबळी, असं तिथली म्हणच सांगते. तीन मुलांची आई असलेल्या आणि मुलं झोपल्यावर रात्री लिहिणाऱ्या लेखिकेने हे जग रचलं होतं! ‘तेहानू’त गेडची शक्ती संपलेली आहे. मध्यभागी आहेत मध्यमवयीन विधवा तेनार, भाजलेली एक मुलगी, शेळ्या आणि घरकाम. यशस्वी मालिका जशीच्या तशी पुढे चालवणं सोपं होतं. त्यांनी बाजाराला विचारलेला प्रश्न स्वतःच्या पुस्तकांना विचारला.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. त्या प्रस्तावनेत बाजार जितका नेमका दिसतो, तितका वाचक दिसत नाही. तो जुनी, स्थिर सत्यं शोधत येतो आणि त्याच्या हातात नक्कल पडते, एवढंच. पण नकलेतूनही वाचक स्वतःचं काही घडवतो की नाही? नक्कल वाचूनच तर कित्येक जण मुळापर्यंत पोचतात. पुढच्या प्रकरणात मला या वाचकाकडे जायचंय. ‘बाजारू’ हा शिक्का पुस्तकावर मारताना आपण तो नकळत वाचणाऱ्यावरही मारतो, आणि ते काही बरोबर नाही.