पिंजऱ्यातील चाकाची साक्ष

पुण्या-मुंबईतील पाळीव प्राण्यांच्या दुकानात हॅमस्टर मागितला, की त्याच्याबरोबर त्याचा सारा संसारही पुढे केला जातो. तारांचा पिंजरा, पाण्याची बाटली, मूठभर भुसा आणि एक फिरते चाक. चाक व्यायामासाठी आहे, असे दुकानदार सांगतो. ज्या शाळांत पांढरे उंदीर किंवा हॅमस्टर पाळले जातात तेथेही हे चाक बहुधा असतेच. प्राणी त्यात शिरून धावू लागला, की मुले टाळ्या पिटतात आणि शिक्षक म्हणतात, "पाहा, किती मजेत आहे तो!" आमचा आक्षेप आहे तो या वाक्याला. प्राणी धावतो हे निरीक्षण झाले, तो मजेत आहे हा निष्कर्ष झाला. या दोहोंमधले अंतर चाक कितीही फिरले तरी कापले जात नाही.

चाक ही काही खेळण्यांच्या कारखानदारांची अलीकडची कल्पना नव्हे. अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठात स्ट्युअर्ट या संशोधकाने मद्य, आहार आणि हवेचा दाब यांचा उंदरांच्या हालचालींवर काय परिणाम होतो हे मोजण्यासाठी १८९८ मध्ये फिरता पिंजरा वापरला. तेव्हापासून हे चाक प्रयोगशाळांत ठाण मांडून बसले आहे. हॅमस्टर त्यात एका दिवसरात्रीत ९ किलोमीटरपर्यंत धावल्याच्या नोंदी आहेत. चाकाचा व्यास १७ सेंटिमीटर धरला तर परीघ सुमारे ५३ सेंटिमीटर होतो, म्हणजे फेऱ्या जवळजवळ १७ हजार! इतके धावून हा प्राणी कोठे जातो? कोठेच नाही. म्हणूनच अनेक अभ्यासकांना वाटत असे, की प्राणिसंग्रहालयातील वाघाच्या येरझाऱ्यांसारखाच हा बंदिवासातून उपजलेला चाळा आहे.

नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाच्या योहाना मायर आणि युरी रॉबर्स यांनी हा वाद पिंजऱ्याबाहेर नेला. शहरातील एका हिरव्या जागेत आणि माणसांना प्रवेश नसलेल्या वाळूच्या टेकड्यांमध्ये त्यांनी चाके ठेवली. जवळ थोडे खाद्य आणि हालचाल टिपणारा कॅमेरा ठेवला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार मोकळे उंदीर आपणहून येऊन चाकात धावत होते. सर्वांत लांबलेली धाव १८ मिनिटांची होती. शहरातील जागेतले खाद्य काढून घेतल्यावर येणारे प्राणी कमी झाले, पण धावणे थांबले नाही. चिचुंद्र्या, बेडूक आणि गोगलगायीसुद्धा चाकावर आढळल्या. (गोगलगाय व्यायामाला आली होती, असे कोणी म्हणणार नाही. चाक फिरणे आणि चाकात धावणे या दोन गोष्टी आहेत, हे त्या बिचारीने फुकटात शिकवले.)

प्रयोग सुंदर आहे. चाकात धावणे म्हणजे केवळ बंदिवासाची विकृती, हे मत त्याने निश्चित खोडून काढले. मात्र "मोकळे उंदीरही धावतात, तेव्हा पिंजऱ्यात चाक ठेवले की आपले काम झाले" असा अर्थ कोणी काढला, तर तो या प्रयोगातून निघत नाही. मोकळा उंदीर चाकातून उतरला, की गवतात, बिळात किंवा दुसऱ्या उंदराच्या वासामागे जातो. पिंजऱ्यातला उतरतो तो पुन्हा त्याच भुशावर.

त्या भुशाचेही महत्त्व तपासले गेले आहे, आणि आमच्या मते शिक्षकांनी लायडनच्या प्रयोगाबरोबर हा दुसरा प्रयोगही सांगितलाच पाहिजे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बर्न विद्यापीठातील संशोधकांनी सोनेरी हॅमस्टरांचे तीन गट केले. एका गटाला १० सेंटिमीटर जाडीचा भुसा दिला, दुसऱ्याला ४० आणि तिसऱ्याला ८०. चाक सर्वांनाच होते. उथळ भुशातले हॅमस्टर चाकात अधिक धावले, आणि तेच पिंजऱ्याच्या तारा अधिक कुरतडत राहिले. ८० सेंटिमीटरच्या गटात तारा कुरतडणे फारच थोडे होते. म्हणजे ज्या धावण्याला आपण टाळ्या देतो, त्याचा काही भाग तरी खणायला जागा नसल्यामुळे होता.

यात नवल नाही. आज घरोघरी असलेल्या सोनेरी हॅमस्टरांपैकी बहुतेकांचे मूळ १९३० मध्ये सीरियातील अलेप्पोजवळ खणून काढलेल्या एका मादीत आणि तिच्या पिलांत आहे. त्या प्रदेशातील रानटी हॅमस्टरांची बिळे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजली गेली, तेव्हा सरासरी खोली ६५ सेंटिमीटर भरली. दुकानातले पिंजरे लांबी-रुंदी सांगून विकले जातात, भुसा किती खोल राहील हे कोणी विचारत नाही. तारांच्या पिंजऱ्यात तो राहणारच नाही, चार दिवसांत सगळा बाहेर सांडेल.

व्यायाम नेहमी हितकारकच, ही समजूतही चाकाने खोटी ठरवली आहे. १९६७ मध्ये रूटेनबर्ग आणि कुझ्नेसॉफ यांनी दाखवले, की दिवसातून तासभरच अन्न मिळणाऱ्या उंदरांना चाक दिले तर ते अधिकाधिक धावतात, कमी खातात आणि खंगत जाऊन मरतातही. चाकाशिवाय तेवढ्याच वेळात खाणारे उंदीर तगून राहतात. सुट्टीत प्राण्यांच्या खाण्याची आबाळ होणाऱ्या शाळांनी याची नोंद घ्यावी.

तरीही चाक फेकून द्या असे आम्ही म्हणत नाही. पण घ्यायचे तर ते मोठे घ्यावे. पसंती अजमावण्याच्या एका प्रयोगात बहुतेक हॅमस्टरांनी २३ सेंटिमीटरच्या चाकापेक्षा ३५ सेंटिमीटरचे निवडले. दुकानातले चाक पुष्कळदा वीतभरही नसते, त्यात प्राण्याची पाठ धनुष्यासारखी वाकते. आडव्या दांड्यांच्या चाकात पाय अडकतो, म्हणून पृष्ठभाग सलग हवा.

पारदर्शक प्लॅस्टिकच्या चेंडूबद्दल मात्र आम्ही इतके उदार नाही. प्राण्याला आत कोंडून चेंडू जमिनीवर सोडतात आणि तो घरभर गडगडत जातो. हॅमस्टरची दृष्टी अधू, जगाची ओळख मिशा आणि नाक यांनी होणारी. चेंडूत त्या दोन्ही वाटा जवळजवळ बंद होतात. चाकातून तो कंटाळल्यावर उतरू शकतो, येथे तीही सोय नाही. ही वस्तू पाहणाऱ्याच्या करमणुकीसाठी आहे.

शिड्या, पूल, बोगदे यांचे काय? १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, विल्यम ग्रीनो आणि सहकाऱ्यांच्या एका प्रयोगात काही उंदीर नुसते धावले, तर काही दोऱ्या आणि अडथळे ओलांडायला शिकले. धावणाऱ्यांच्या अनुमस्तिष्कात रक्तकेशिका वाढल्या, शिकणाऱ्यांच्या अनुमस्तिष्कात चेतापेशींमधील जोडण्या वाढल्या. व्यायाम आणि खेळ यांना एकाच पारड्यात घालणे म्हणूनच चूक आहे. अडथळे महागडे असण्याची मात्र गरज नाही. पुठ्ठ्याच्या नळ्या, मूठभर गवत आणि भुशात विखरून ठेवलेले दाणे पुरतात.

वर्गात करता येईल अशी एक गोष्ट सुचवतो. चाकाला लहान चुंबक आणि बाहेर सायकलचा अंतरमापक लावावा. माशांची गळकी झालेली मोठी काचेची टाकी घेऊन वर जाळीचे झाकण बसवावे. पिंजऱ्यातल्या नेहमीच्या भुशावर दोन आठवडे, मग टाकीत गवत मिसळून दाबलेल्या ४० सेंटिमीटर भुशावर दोन आठवडे, रोजचे अंतर आणि कुरतडण्यात गेलेली मिनिटे मुलांनी लिहावीत. काटेकोरपणासाठी प्राण्याला पुन्हा उथळ भुशावर आणायला हवे, पण त्याने खणलेले बीळ मोडायला आम्ही सांगणार नाही. त्यामुळे पुरावा किती लंगडा झाला, घर बदलल्याचा परिणाम कोणता आणि भुशाचा कोणता, आणि एकाच प्राण्यावरून किती बोलता येते, हेही मुलांनीच त्या वहीत लिहावे.