बघणाऱ्यांची थिअरी, राहणाऱ्यांचं गाव

पर्यटनावर रिसर्च करायचा म्हटलं की लिटरेचर रिव्ह्यूमध्ये एक नाव हमखास येतं : जॉन अरी. या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाचं 'द टूरिस्ट गेझ' हे पुस्तक १९९० साली आलं. त्याचा गाभा थोडक्यात असा : पर्यटकाची नजर त्याची एकट्याची नसते. काय बघायचं, कुठून बघायचं, फोटो कशाचा काढायचा, हे जाहिराती, सिनेमे, गाइडबुकं यांनी बरंचसं आधीच ठरवलेलं असतं. डॉक्टरची रोग्याकडे बघण्याची नजर कशी घडते यावर फुको यांनी लिहिलं होतं. अरींनी धागा तिथून घेतला.

थिअरीत किती दम आहे हे व्याख्या पाठ करून कळत नाही. तिला एखाद्या ठिकाणी कामाला लावावं लागतं. त्यासाठी ऑस्ट्रिया उत्तम, कारण तिथे 'बघणं' हाच सार्वजनिक वादाचा विषय झालाय.

आधी व्हिएन्ना. बेल्वेडेर राजवाड्याच्या उंचावरून दिसणारं शहर बर्नार्दो बेलोत्तो या चित्रकाराने १७६० च्या सुमारास रंगवलं. त्याचा मामा म्हणजे प्रसिद्ध चित्रकार कानालेत्तो. भाचाही तेच नाव लावायचा, म्हणून या दृश्याला आजही 'कानालेत्तो दृश्य' म्हणतात. व्हिएन्नाचा जुना भाग २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. पुढे हॉयमार्क्ट इथे उंच इमारतीचा प्रकल्प पुढे सरकला आणि २०१७ मध्ये युनेस्कोने हा वारसा 'धोक्यात' असल्याचं जाहीर केलं. टॉवरमुळे बेल्वेडेरवरचं दृश्य बिघडेल, हा आक्षेपांतला एक मोठा मुद्दा. म्हणजे बघा, अडीचशे वर्षांपूर्वी एक चित्रकार जिथून बघत होता, ती जागा आज इमारतीच्या उंचीवर वाद घालते! इथे अरी चपखल बसतात.

आता हालश्टाट. डोंगर आणि तळं यांच्यामध्ये चिंचोळ्या पट्टीत वसलेलं, हजाराच्या आतल्या वस्तीचं गाव. इथली मिठाची खाण इतकी प्राचीन, की युरोपातल्या लोहयुगाच्या एका टप्प्याला याच गावाचं नाव आहे. २०१२ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात या गावाची प्रतिकृती उभी राहिली. दृश्य गावापासून सुटं करून विकता येतं, याचा याहून ठळक पुरावा कुठे मिळणार? इथपर्यंतही अरी पास.

अडचण पुढे आहे. २०२३ मध्ये हालश्टाटमध्ये सेल्फीच्या एका लाडक्या जागी लाकडी कुंपण घातलं गेलं, समोरचं दृश्य झाकायला. टीका झाली, कुंपण काढलं. पण मुळात तक्रार कसली होती? गोंगाटाची. अडवली नजर, पण वैतागले होते कान. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रहिवाशांनी निदर्शनं केली. मागण्या काय? रोज येणाऱ्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आणि संध्याकाळी पाचनंतर टूर बसेसना बंदी. यात नजर कुठेय? इथे आकडा आहे, घड्याळ आहे, रस्ता आहे.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. 'गेझ' म्हटलं की बघणारा मध्यभागी येतो आणि राहणारा माणूस देखाव्याचा भाग होऊन बसतो. हा आक्षेप नवा नाही. दार्या माओझ यांनी भारतात आलेल्या इस्रायली बॅकपॅकर्सचा अभ्यास करून २००६ मध्ये 'परस्पर नजर' ही कल्पना मांडली : स्थानिक लोकही पर्यटकांना न्याहाळतात, जोखतात आणि त्यानुसार वागतात. अरींनीही २०११ मध्ये योनास लार्सन यांच्यासोबत काढलेल्या तिसऱ्या आवृत्तीत शरीर, फोटो काढण्याची कृती, समोरच्याची नजर यांना जागा दिली. दुरुस्ती प्रामाणिक आहे, पण पुरेशी नाही. नजर दोन्हीकडून आली तरी ती नजरच राहते. बस किती वाजता सुटते आणि घरासमोर किती माणसं उभी असतात, हे त्यात मावत नाही.

मग अरींना सोडून द्यायचं का? अजिबात नाही. सगळे त्याच एका जागी का उभे राहतात, हे त्यांच्याइतकं नीट क्वचितच कुणी सांगेल. पण तिथे राहणाऱ्याची झोप का उडते, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्यासाठी वेगळी सामग्री लागते : बसचं वेळापत्रक, ग्रामसभेचे ठराव, रहिवाशांच्या मुलाखती.

म्हणून प्रपोजल लिहिताना 'थिअरॉटिकल फ्रेमवर्क : टूरिस्ट गेझ' एवढं टाइप करून पुढे जाऊ नका. खाली दोन ओळी आणखी लिहा : या संकल्पनेमुळे मला काय दिसेल, आणि कोणाचं म्हणणं माझ्या वहीत येणारच नाही? दुसऱ्या ओळीचं उत्तर सापडलं, की मुलाखतीसाठी कोणाचं दार वाजवायचं हे आपोआप कळतं.