चावण्याने स्मरणशक्ती वाढते का?

'एक घास बत्तीस वेळा चावून खा' असे आपण मुलांना सांगत आलो आहोत. पचनासाठी नीट चावणे चांगले, याबद्दल वाद नाही. पण त्याला आता 'चावल्याने मेंदू तल्लख होतो' अशी पुस्ती जोडली जाते. ही पुस्ती वर्गात सांगण्याजोगी आहे का, हे आम्ही तपासून पाहिले.

या विधानाचा एक मुख्य आधार म्हणजे विल्किन्सन, स्कोली व वेस्नेस यांनी २००२ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग. त्यांनी ७५ जणांचे तीन गट केले. पहिला गट च्युइंगगम चघळणारा, दुसरा तोंडात काही नसताना चघळल्यासारखे करणारा आणि तिसरा स्वस्थ बसणारा. शब्द आठवण्यात पहिला गट सरस ठरला. नुसते चघळल्यासारखे करणारा गट ठेवला, ही प्रयोगाची जमेची बाजू. उणीव अशी, की आपण काय करतो आहोत हे प्रत्येकाला ठाऊक होते. औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देता येते. खोटे चघळणे लपवता येत नाही.

खरी कसोटी लागते ती प्रयोग पुन्हा केल्यावर. २००४ मध्ये तुखा व सहकाऱ्यांना, तसेच २००७ मध्ये जॉन्सन व माइल्स यांना स्मरणात अशी वाढ आढळली नाही.

उंदरांवरील पुरावा अधिक विचार करायला लावणारा आहे. १९९९ मध्ये जपानमधील ओनोझुका व सहकाऱ्यांनी लवकर म्हातारे होणाऱ्या जातीच्या उंदरांच्या दाढा काढल्या. वयस्क उंदरांना पाण्याखालच्या चौथऱ्याची जागा लक्षात ठेवणे जड गेले. स्मरणाशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागातील चेतापेशीही घटल्या होत्या. परंतु अशा उंदरांच्या रक्तात ताणाचे संप्रेरकही वाढलेले आढळते. मग नुकसान न चावण्याने झाले, की ताणाने?

माणसांविषयी २०१२ साली स्वीडनमधून ७७ वर्षांवरील ५५७ जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. कठीण पदार्थ चावता न येणाऱ्यांत बौद्धिक क्षीणता अधिक दिसली. वय व शिक्षण हिशेबात घेऊनही हा संबंध टिकला. पण पाहणी एकाच वेळेची होती. दात गेल्याने स्मृती गेली, की विसराळूपणामुळे दातांची निगा राहिली नाही, हे त्यातून कळत नाही.

हा भेद न करता आपण बोललो, तर घरातल्या विसरभोळ्या आजीला 'तू नीट चावून खाल्ले नाहीस' असा दोष मिळेल. तो अन्याय होईल. आजीला कवळी जरूर बसवावी. तिला भाकरी नीट खाता यावी, एवढे कारण त्यासाठी पुरेसे आहे.

वर्गात मात्र हा विषय जरूर घ्यावा. चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. एकाने बडीशेप चघळत, दुसऱ्याने न चघळता पंधरा शब्द पाठ करावेत. दुसऱ्या दिवशी शब्द बदला आणि गटांची अदलाबदल करा. आठवडाभर नोंदी ठेवा. रोजचे निकाल एकसारखे येत नाहीत असे दिसले, तर एका प्रयोगावर विसंबू नये हे मुलांना वेगळे शिकवावे लागणार नाही.