'पूर्णपणे सहमत'चे काय करायचे?

इंग्रजी मेथडचे छात्राध्यापक आणि इंटरनेटवरील व्हिडिओ या विषयावरचे तीन लघुप्रबंध गेल्या वर्षी आमच्याकडे संख्याशास्त्र तपासण्यासाठी आले. आमचे क्षेत्र भौतिकविज्ञान. इंग्रजीच्या अध्यापनावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारले तर ते रास्तच आहे. पण मोजमाप हे आमचे रोजचे काम, आणि या प्रबंधांत नेमके काय मोजले आहे हेच आम्हाला कळेना.

तिन्हींची घडण एकच. 'व्हिडिओमुळे तास रंजक होतो', 'व्हिडिओमुळे उच्चार सुधारतात', 'व्हिडिओ दाखवणे मला सोपे वाटते' अशी विधाने द्यायची आणि 'पूर्णपणे सहमत'पासून 'पूर्णपणे असहमत'पर्यंतच्या पाच घरांपैकी एकात खूण करायला सांगायची. ही पद्धत रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली. उपयुक्तता आणि सुलभता ही प्रश्नांची जोडी फ्रेड डेव्हिस यांच्या १९८९ च्या प्रारूपातली. कामाच्या ठिकाणी लोक नवी संगणकप्रणाली स्वीकारतील का, हे पाहण्यासाठी ते बनले होते. सरासरी सहमतीकडे झुकली की निष्कर्ष तयार : दृष्टिकोन सकारात्मक.

असहमत होणार कोण? ज्या महाविद्यालयात सराव पाठांना गुण मिळायचे, तिथेच ही प्रश्नावली भरायची. 'तंत्रज्ञान मला नको' असे लिहिण्याइतका भोळा विद्यार्थी आम्हाला तरी अजून भेटलेला नाही.

कागदावरचे मत आणि प्रत्यक्ष वागणे यांतले अंतर जुनेच आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर १९३० च्या सुमारास एका चिनी जोडप्याबरोबर देशभर हिंडले. अडीचशे हॉटेले आणि खाणावळींपैकी नकार मिळाला एकाच ठिकाणी. मागाहून त्यांनी 'चिनी पाहुणे घ्याल का?' असे पत्राने विचारले, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी 'नाही' कळवले. हा निबंध १९३४ चा. तिथे कागदावर नकार आणि दारात स्वागत होते. आपल्याकडे उलटे असण्याचा संभव अधिक.

शिवाय 'रंजक' आणि 'सोपे' या गुणांना इतका भाव का द्यावा? गाव्रिएल सालोमन यांनी १९८४ मध्ये सहावीच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकच गोष्ट काहींना पडद्यावर दाखवली, काहींना छापील दिली. पडदा मुलांना सोपा वाटला. म्हणूनच त्यांनी डोके कमी चालवले, आणि अनुमान करावे लागणाऱ्या प्रश्नांत ती मागे पडली.

सबटायटलचे पाहा. 'सबटायटलमुळे मदत होते' या विधानाला कोणीही होकार देईल. पण कोणत्या भाषेतली सबटायटल? डच भाषकांना ऑस्ट्रेलियन आणि स्कॉटिश धाटणीचे इंग्रजी ऐकवणारा मिटेरर आणि मॅक्वीन यांचा २००९ चा प्रयोग आहे. इंग्रजी सबटायटल वाचत ऐकणाऱ्यांचा कान त्या उच्चारांना सरावला. डच सबटायटल वाचणाऱ्यांना मात्र तेच उच्चार नव्या वाक्यांत ओळखताना अडचणच आली. गोष्ट कळणे वेगळे, भाषा कानात उतरणे वेगळे. पाच घरांच्या कोष्टकात हा फरक कुठे बसवायचा?

प्रबंध वाचून कुतूहल वाढले, म्हणून आम्ही एका सराव पाठाला जाऊन मागच्या बाकावर बसलो. सात मिनिटांचा व्हिडिओ लागला आणि एकदाही न थांबता संपला. छात्राध्यापिका भिंतीशी उभी होती. शेवटी तिने विचारले, ''आवडलं का?'' सगळा वर्ग ओरडला, ''हो!'' मुलांनीही आपली प्रश्नावली भरून टाकली!

त्याच व्हिडिओत एक सुरेख जागा होती. आपल्या एका 'व'साठी इंग्रजीत दोन ध्वनी आहेत. एकात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो. नुसते ऐकून मुलांना हे वेगळे काढता येत नाहीत, पण बोलणाऱ्याचे तोंड पडद्यावर मोठे दिसत होते. आवाज बंद करून ते दहा सेकंद तीनदा दाखवले असते आणि मुलांना शेजाऱ्याच्या ओठांकडे बघत म्हणायला लावले असते, तर व्हिडिओचे चीज झाले असते. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, तरी अनेक मुलांच्या कानावर पडते ते एकट्या शिक्षकाचेच इंग्रजी. म्हणूनच व्हिडिओला आमचा विरोध नाही.

पाठ संपल्यावर आम्ही तिला विचारले, मध्ये थांबवला का नाही? ती जरा घुटमळली. मग म्हणाली, ''सर, थांबवला की मुलं काहीतरी विचारणार. मग मला इंग्रजीत बोलावं लागेल.''

हे उत्तर तिन्ही प्रबंधांत कुठेच नव्हते, कारण तो प्रश्नच कोणी विचारला नव्हता. व्हिडिओबद्दल तिचे मत खरोखरच चांगले होते. तो सुरू असेपर्यंत तिला बोलावे लागत नव्हते. 'दाखवणे सोपे वाटते' या घरातली तिची खूण प्रामाणिक असणार. संशोधकाने तिला तंत्रज्ञानस्नेही ठरवले असते. तिला हवी होती ती मुलांसमोर इंग्रजी बोलण्याची सवय आणि बोलताना चुकण्याची मुभा.

प्रबंध परत पाठवताना आकडेमोड बरोबर असल्याचा शेरा आम्ही दिला, तो देणे भागच होते. सोबत दोन मिनिटांचा एक व्हिडिओ आणि एक कोरा कागद जोडला. पुढच्या तुकडीला पाच घरांऐवजी हा कागद द्यावा, असे सुचवले. कागदावर दोनच प्रश्न होते : तुम्ही कुठे थांबवाल, आणि थांबवल्यावर काय बोलाल?