‘संन्यस्त खड्गा’तील पदांचे मूळ : एक चिकित्सा

पदमालेचा उगम शोधणारा अभ्यासक बहुधा कवीच्या हस्तलिखितापाशी थांबतो. गीतरामायणाच्या बाबतीत ही पद्धती पुष्कळ अंशी निभावते. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीने प्रसारित केलेल्या त्या ५६ गीतांत माडगूळकरांचे शब्द आधी आले, सुधीर फडके यांच्या चाली मागाहून. नाट्यपदांस हा क्रम लागू पडेलच असे नाही. रत्नागिरीत जन्मलेल्या ‘संन्यस्त खड्ग’ या नाटकाच्या पदांविषयी हा भेद विशेष ध्यानात ठेवावा लागतो.

वि. दा. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. जिल्ह्याची सीमा ओलांडण्यास त्यांना सरकारची अनुज्ञा लागे. तेव्हाचे हे नाटक १९३१ साली बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. संगीत रामकृष्णबुवा वझे यांचे व प्रमुख गायक दीनानाथ मंगेशकर. कवी रत्नागिरीत, मंडळी फिरतीवर आणि चिजांचा संग्रह बुवांच्या कंठात, अशी ही सामग्री मुळातच विखुरलेली आहे.

छापील संगीत नाटकांत पदाच्या माथ्यावर मूळ चालीचा निर्देश करण्याचा प्रघात होता. ‘स्वयंवरा’तील (१९१६) पदे खाडिलकरांनी भास्करबुवा बखले यांनी दिलेल्या चिजांवर बेतली. अशा पदांतील अन्वयाची उलटापालट किंवा ऱ्हस्वाचे दीर्घत्व केवळ वृत्ताने उलगडत नाही. चिजेच्या मात्रा आणि समेचे स्थान पाहावे लागते.

म्हणून ‘संन्यस्त खड्गा’ची संहिता, वझेबुवांच्या ‘संगीत कलाप्रकाश’ या ग्रंथातील चिजा, त्यांच्या शिष्यपरंपरेचे गायन आणि दीनानाथांच्या ध्वनिमुद्रिका ही साधने एकत्र तपासली पाहिजेत. मात्र मात्रासंख्येचे साम्य हा अनुकरणाचा पुरावा नव्हे. एकाच तालात बांधलेल्या दोन स्वतंत्र रचनांतही ते आढळेल. समेवरील अक्षर, स्वरांचे विराम आणि अंत्ययमक ही तिन्ही जुळली, तरच चीज आधीची व पद नंतरचे, असे अनुमान संभवते.

ही तपासणी न करता पदांचे सारे श्रेय हस्तलिखितास दिल्यास बुवांचा वाटा लोपतो. ते सर्वस्वी चिजेस दिल्यास रत्नागिरीतील कवीची शब्दनिवड निरर्थक ठरते. उगमाचा निर्णय पदागणिक वेगळा असू शकेल, हे मान्य करूनच संशोधकाने पुढे जावे.