प्रेमाचे कष्ट : रोमानियन सिनेमातल्या गरीब वस्त्या

'द डेथ ऑफ मिस्टर लाझरेस्कू' (2005) हा चित्रपट करताना क्रिस्ती पुयू या रोमानियन दिग्दर्शकाच्या डोक्यात एक मोठा बेत होता. बुखारेस्टच्या कडेच्या वस्त्यांमधल्या सहा गोष्टी, सहा चित्रपट, आणि प्रत्येकात प्रेमाची एकेक तऱ्हा. प्रेरणा होती फ्रेंच दिग्दर्शक एरिक रोमेरच्या सहा नीतिकथांची. रोमेरची माणसं निवांत असतात, सुट्टीवर जातात, गप्पा मारता मारता प्रेमात पडतात. पुयूच्या पहिल्या गोष्टीचा नायक मात्र साठी ओलांडलेला, दारूला जवळ केलेला विधुर आहे. तो तीन मांजरांसोबत एका कळकट फ्लॅटमध्ये राहतो. बहीण दूरच्या गावी, मुलगी कॅनडात. त्याच्या वाट्याला येणारं प्रेम म्हणजे शेजारधर्म, आणि तोही जेमतेम.

सहाच्या सहा गोष्टी अजून झालेल्या नाहीत. तरी गेल्या वीस-पंचवीस वर्षांतला रोमानियन सिनेमा समजून घ्यायला हा बेत फार उपयोगी पडतो. या सिनेमात प्रेमाची कबुली क्वचितच दिली जाते. प्रेम म्हणजे इथे अंगमेहनतीचं काम असतं: कुणाला तरी उचलायचं, कुणासाठी तरी ताटकळायचं, कुणाचे तरी पैसे भरायचे. हे काम ज्यांनी नीट दाखवलं त्यांचे चित्रपट टिकले. ज्यांनी पोपडे उडालेल्या भिंतींवरच भागवलं, त्यांचे फिके पडले.

या भिंतींना इतिहास आहे. कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीत खेड्यांतली माणसं कारखान्यांसाठी शहरात आली आणि काँक्रीटच्या ठोकळेबाज इमारतींमध्ये राहू लागली. 1977च्या भूकंपानंतर जुन्या बुखारेस्टचा मोठा भाग जमीनदोस्त करून नवी भव्य राजधानी उभारण्याचा घाट घातला गेला. डिसेंबर 1989 मध्ये राजवट कोसळली. पुढे कारखानेही बंद पडत गेले, इमारती तेवढ्या राहिल्या. शहराच्या दक्षिणेकडच्या फेरेंतारीत सड्या कामगारांसाठी बांधलेल्या एकेका खोलीत अख्खी कुटुंबं राहू लागली. त्यातली बरीच रोमा या उपेक्षित अल्पसंख्य समाजाची.

सिनेमाचीही अशीच पडझड झाली. नव्वदच्या दशकातल्या चित्रपटांचा सूर चढा होता. मिर्चा दानेल्यूकच्या 'द कन्जुगल बेड'मध्ये (1993) तिसऱ्या मुलाच्या चाहुलीने हादरलेल्या नवरा-बायकोची ससेहोलपट जवळजवळ किंचाळत सांगितली जाते. पुढे पैसा आटला आणि 2000 साली एकही नवा रोमानियन कथापट प्रदर्शित झाला नाही. त्यानंतर आलेल्या पिढीने आवाज खाली आणला. पार्श्वसंगीत काढून टाकलं, कॅमेरा माणसाच्या उंचीवर ठेवला आणि दृश्य मध्येच तोडायचं नाही असं ठरवलं. हातात पैसे थोडे होते हे खरं, पण या शैलीमागे एक भूमिकाही होती. गरिबाचा वेळ फुकट जातो, तर तो प्रेक्षकालाही फुकट घालवू द्यायचा.

'लाझरेस्कू'मध्ये हा वेळ अडीच तासांचा आहे. शनिवारची रात्र. म्हाताऱ्याचं डोकं आणि पोट दुखतंय. शेजारी गोळ्या देतात, शेजारीण खायला मुसाका आणून देते, पण रुग्णवाहिकेतून सोबत जायला कुणी तयार नाही. जाते ती मिओआरा, रुग्णवाहिकेवरची मध्यमवयीन परिचारिका. लुमिनित्सा ग्योर्ग्यूने ही भूमिका केली आहे. त्या रात्री बसला मोठा अपघात झाल्यामुळे इस्पितळं भरलेली आहेत, आणि दारूचा वास आला की डॉक्टरांना पुढचं काही बघायची गरज वाटत नाही. एके ठिकाणी शस्त्रक्रिया करायला हरकत नाही, फक्त संमतिपत्रावर रुग्णाची सही हवी. रुग्ण अर्धवट शुद्धीत, त्याला सही जमत नाही. डॉक्टर मिओआराला सुचवतो की याला गाडीतून फिरवत राहा, पुरता बेशुद्ध झाला की परत घेऊन ये. प्रसंग विनोदी आहे आणि तितकाच भीषण. मिओआरा म्हाताऱ्याशी एकही गोड शब्द बोलत नाही. तिला त्याचा वैतागही येतो. ती फक्त त्याला सोडून जात नाही. पुयूने प्रेमाची एवढीच किमान अट ठेवली आहे, आणि चित्रपटभर ती पाळणारी ती एकटीच.

क्रिस्तियान मुंजीऊच्या '4 मन्थ्स, 3 वीक्स अँड 2 डेज'ला 2007 मध्ये कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्यातली ओतिलियाही अशीच. काळ 1987चा, गर्भपातावर बंदी. मैत्रिणीचा चोरून गर्भपात करवण्यासाठी ओतिलियाला पैसे कमी पडतात तेव्हा शरीराने किंमत मोजावी लागते. त्यानंतर लगेच ती प्रियकराच्या आईच्या वाढदिवसाला जाते. जेवणाच्या टेबलावर ती मधोमध बसली आहे. भोवतीची शिकली-सवरलेली मंडळी स्वयंपाकाविषयी आणि आजच्या तरुणांविषयी बोलत आहेत. कुठेतरी फोन वाजतोय, कुणी उचलत नाही. कॅमेरा तसूभरही हलत नाही. शेजारी बसलेल्या प्रियकराला काहीच कळलेलं नाही, आणि या एका न तुटणाऱ्या दृश्यात त्यांचं नातं आपल्या डोळ्यांदेखत संपतं.

मुंजीऊचा पहिला चित्रपट 'ऑक्सिडेंट' (2002) घरातून बाहेर काढल्या गेलेल्या एका जोडप्यापासून सुरू होतो आणि पश्चिमेकडे जायच्या स्वप्नापाशी येतो. 2007 मध्ये रोमानिया युरोपीय संघात गेला. त्याच्या आगेमागे लाखो माणसं कामासाठी इटली-स्पेनला गेली. मग सिनेमात प्रेमाचा प्रश्न वेगळ्या रीतीने येऊ लागला: कोण निघून जाऊ शकतं, आणि मागे कोण उरतं? फ्लोरिन शेर्बानच्या 'इफ आय वॉन्ट टू व्हिसल, आय व्हिसल'मध्ये (2010) सुधारगृहातला सिल्विऊ सुटकेला काही दिवस उरले असताना सगळं उधळून देतो. कारण आई इटलीहून परतली आहे आणि धाकट्या भावाला घेऊन जाणार आहे. समाजकार्य शिकणाऱ्या एका मुलीला तो ओलीस धरतो, आणि शेवटी मागतो काय, तर तिच्याबरोबर एक कॉफी. या चित्रपटात खरे कैदीही आहेत, त्यामुळे भोवतालचे चेहरे उसने वाटत नाहीत.

याच नायकाला, जॉर्ज पिश्तेरेआनूला, घेऊन कातालिन मितुलेस्कूने 'लव्हरबॉय' (2011) केला. मुलींना प्रेमात पाडून देहव्यापाराच्या दलालांकडे सोपवणारा तरुण एका मुलीत खरोखरच गुंततो. विषय दाहक आहे, पण कॅमेरा उन्हात तापलेल्या देखण्या देहांवर भाळला आहे. ती मुलगी स्वतःला का पणाला लावते, हे चित्रपट विचारतच नाही. तिचा त्याग गृहीत धरतो.

त्यापेक्षा क्रिस्तियान नेमेस्कूचा 'मारिलेना फ्रॉम पी7' (2006) कितीतरी उमदा. शहराच्या कडेला राहणारा तेरा वर्षांचा आंद्रेई एका वेश्येवर भुलतो आणि तिच्यावर छाप पाडण्यासाठी ट्रॉलीबस पळवतो. नेमेस्कूला या वस्तीत हसू, वासना आणि पोरकट धाडस दिसतं, म्हणून पुढचा आघात खोल जातो. ऑगस्ट 2006 मध्ये मोटार अपघातात तो गेला, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. रोमानियन सिनेमाचा खेळकर हात त्याच्याबरोबर बराच काळ हरवला.

या शतकाच्या दुसऱ्या दशकात कॅमेरा थेट फेरेंतारीत शिरला. अलेक्झांडर नानाऊच्या 'टोटो अँड हिज सिस्टर्स' (2014) या माहितीपटातल्या तीन मुलांची आई तुरुंगात आहे, आणि ती झोपतात त्याच खोलीत मामा लोक सुया टोचून घेत असतात. नानाऊने मधल्या बहिणीच्या, आंद्रेयाच्या, हातात छोटा कॅमेरा दिला. तिने घेतलेली दृश्यं धसमुसळी आहेत, पण कोणत्याही निष्णात छायालेखकाला न सापडलेली जवळीक त्यांत आहे.

इवाना म्लादेनोविचचा 'सोल्जर्स : स्टोरी फ्रॉम फेरेंतारी' (2017) या साऱ्या परंपरेचा सर्वांत प्रामाणिक चित्रपट वाटतो. लेखक आद्रियान स्क्योपने 2013च्या आपल्या कादंबरीतला आदी स्वतःच साकारला आहे. आदी 'मानेले' या वस्तीतल्या लोकप्रिय संगीतावर संशोधन करायला फेरेंतारीत खोली घेतो आणि तुरुंगातून सुटलेल्या अल्बर्तो या धिप्पाड रोमा पुरुषाच्या प्रेमात पडतो. हा अल्बर्तो वासिले पावेल-दिगुदाय या नवख्या माणसाने उभा केला आहे. सुरुवात बिअर आणि सिगारेटच्या पैशांनी होते. पुढेही पैसे मागणं आणि लाडीगोडी यांच्यातली रेघ सापडत नाही. अल्बर्तोला जुगाराच्या मशीनचं व्यसन आहे. तो फसवतोय की जीव लावतोय? दोन्ही, आणि एकाच वाक्यात. पण चित्रपटाचा रोख आदीवर आहे. तो कधीही सामान उचलून जाऊ शकतो, अल्बर्तोला जायला जागा नाही. वस्तीचा अभ्यास करायला आलेल्या सुशिक्षिताचं प्रेमही किती सोयीचं असतं, हे म्लादेनोविच आणि स्क्योप स्वतःला न वगळता दाखवतात.

आज या सिनेमाची अवस्था काय? मूळची बंडखोर शैली आता साचा झाली आहे. हलता कॅमेरा, फिकट उजेड, लांबलेलं जेवण हे सगळं महोत्सवांच्या परिचयाचं झालं आहे. हा साचा मोडला राडू जुदेने. 'डू नॉट एक्स्पेक्ट टू मच फ्रॉम दी एंड ऑफ द वर्ल्ड'मध्ये (2023) त्याने 1981चा 'आंजेला गोज ऑन' हा टॅक्सी चालवणाऱ्या बाईचा प्रेमपट आपल्या चित्रपटात गुंफला. जुनी दृश्यं तो मध्येच मंद करतो, आणि गोड प्रेमकथेच्या मागे रस्त्यावरची थकलेली, रेंगाळलेली माणसं दिसू लागतात. त्या वेळचे नायक-नायिका, दोरिना लाझार आणि लास्लो मिश्के, इथे म्हातारे होऊन भेटतात. त्यांचा मुलगा कामावर जखमी होऊन चाकाच्या खुर्चीत आहे. कंपनीचा सुरक्षा-व्हिडिओ बनवणारी मंडळी अर्ध्या तासाहून लांब एकाच शॉटमध्ये त्याच्या कहाणीतून एकेक शब्द गाळत जातात. 'कॉन्टिनेन्टल 25'मध्ये (2025) क्लुज शहरातली एक बेलिफ तळघरातल्या बेघराला बाहेर काढते, तो जीव देतो, आणि उरलेला चित्रपट तिच्या अपराधी मनाभोवती फिरतो. सहानुभूती ही सुखवस्तूंची चैन ठरते की काय, असा जुदेचा बोचरा सवाल आहे.

सवाल या सिनेमालाही लागू आहे. 1989 पूर्वीच्या चारशेहून अधिक सरकारी चित्रपटगृहांपैकी बहुतेक बंद पडली. 2007 मध्ये मुंजीऊला आपला गाजलेला चित्रपट टूरिंग टॉकीजसारखा गावोगाव फिरवावा लागला होता. ज्यांच्या आयुष्यावर हे चित्रपट उभे आहेत, त्यांच्यापर्यंत ते क्वचितच पोचतात. रोमा माणसं पडद्यावर पुष्कळ दिसतात, कॅमेऱ्यामागे फारच थोडी. आलिना शेर्बानसारखी रोमा दिग्दर्शिका अजून अपवादच. गरिबीचं चित्रण या सिनेमाने उत्तम साधलं आहे, त्यात आणखी सफाई येऊन फारसं काही मिळणार नाही. पुढची झेप घ्यायची तर पैसे, कॅमेरा आणि पडदा यांची वाटणी बदलावी लागेल. तोवर आदीने स्वतःवर घेतला तसा आळ प्रत्येक दिग्दर्शकाने स्वतःवर घेतलेला बरा, कारण चित्रीकरण संपलं की वस्तीतून निघून जाण्याची सोय त्यालाही असते.